फूलवती आमच्यावर संशोधन करते

जीपमधल्या पायपुसण्यांखाली गावोगावची माती साठते. झटकली नाही की थर चढतो. किश्शांचंही तसंच! झाशीत मी कॉलेजची जीप चालवून रिटायर झालो. स्वतः आठवी नापास, पण पीएच.डी.वाले इतके वाहिले की विचारू नका. आज थोडी माती झटकतो.

तीही फक्त फूलवतीची. फूलवती सहरिया, ललितपूरकडची आदिवासी पोर. आजवर साहेबलोक आदिवासींचा अभ्यास करायचे. हिनं आमचाच करायला घेतला! शहरातल्या माणसांच्या मनात आदिवासींबद्दल काय आहे, आणि "हम तुम्हारे साथ हैं" म्हणणाऱ्यांपैकी वेळेला कोण उभं राहतं, हा तिचा विषय. नोकरी मात्र हंगामी. जागा पक्की झाली नाही तर संशोधन बंद, बोचकं बांधून गावी.

मला ती कक्का, म्हणजे काका, म्हणायची.

* * *

पहिल्याच दिवशी मानिक चौकात एका साडीवाल्या लालाजींकडे गेलो. सोबत विभागप्रमुख त्रिपाठी सर. प्रश्न फूलवती विचारायची, लालाजी उत्तर सरांना द्यायचे. शेवटी कीव येऊन तिला म्हणाले, "बिटिया, ये लोग तुम पर क्या खोज कर रहे हैं?"

"चाचाजी, खोज तो आप पर हो रही है."

लालाजी ताडकन उठून बसले. "अरे, तो पहले बताना था! मैं नहाकर बैठता!"

* * *

म्हटलं, दुसऱ्यांची काय गंमत पाहायची, आपलंच घर दाखवू. नेलं दोघांना आमच्या वहिनींकडे. पेशव्यांच्या काळात इकडे आलेलं आमचं घराणं. सोवळं अजून तेव्हाचंच!

"वेगळी भांडी? छे छे! आमच्यात तसलं काही नाही हो," वहिनी म्हणाल्या, आणि चहा घेऊन आल्या. दोन कप नवे, एक कानतुटका. कानतुटका कुणासाठी हे सांगायला नको. वहिनी बिस्किटं आणायला वळल्या आणि मी कप फिरवले. परत येतात तो कानतुटका कप त्रिपाठी सरांच्या ओठांशी!

"अगंबाई! सर, तो नको!"

"क्यों भाभीजी, उसमें क्या है?" फूलवतीनं गोड आवाजात विचारलं.

वहिनींनी बिस्किटांची बशी पुढे सारली. मग म्हणाल्या, "त्यातला जरा जास्त गरम असतो!"

* * *

नगरा मोहल्ल्यात एका घरमालकानं तर प्रवचनच दिलं. सगळी देवाची लेकरं, भेदभाव म्हणजे पाप, वगैरे. फूलवतीला तेव्हा खरंच खोली हवी होती. तिनं विचारलं, "आपका कमरा खाली है?"

"आज सुबह ही उठ गया, बेटी!"

डोक्यावर 'किराए के लिए खाली' ची पाटी लटकत होती. मी ती उतरवली, जीपमध्ये टाकली आणि गाडी चालू केली. खोली गेली, मग पाटीचं काय काम? तर गृहस्थ धोतर सावरत मागे धावतोय, "भैया, पाटी तो दे जाओ! कल फिर खाली हो जाएगा!"

* * *

त्रिपाठी सर माणूस वाईट नव्हे. "मैं फूलवती के पीछे खड़ा हूँ," हे त्यांचं पेटंट वाक्य. फक्त फोटो निघाला की त्यात पुढे सर, आणि मागे फूलवतीचा अर्धा कान!

एकदा कॉलेजात परिसंवाद होता. वंचितांना साथ कशी द्यावी, यावर दिवसभर भाषणं. फूलवतीला बोलायला वेळ उरला नाही, पण सर म्हणाले, "स्वागत में तुम्हारा एक नृत्य हो जाए?"

ती हात जोडून म्हणाली, "सर, हमारे यहाँ पहले घर का बड़ा नाचता है."

आणि सर नाचले हो! कोट घालून, दोन्ही हात वर करून! मी तर शिट्टीच मारली.

जीपमध्ये तिला विचारलं, "काय गं, खरंच तशी रीत आहे?"

"आज से है, कक्का."

* * *

अखेर पक्क्या जागेची मुलाखत ठरली. आदल्या संध्याकाळी बाहेरगावचे परीक्षक आणायला मी स्टेशनवर गेलो. त्याच गाडीनं फूलवतीही ललितपूरहून उतरली. म्हटलं, बस मागे. हे कोण ते तिला सांगितलं नाही, ही कोण ते साहेबांना सांगितलं नाही. माझी जुनी खोड!

वाटेत तिनं आदिवासी मुलांच्या संशोधनाबद्दल सहज विचारलं, साहेब सहज बोलत गेले. "देखो बेटी, आदिवासी बच्चे मेहनती होते हैं. गाँव-गाँव घूमकर जानकारी ले आएँ, बढ़िया. पर सोचने का काम? वो हम लोगों पर छोड़ दें." छावणीचा शांत रस्ता, गार वारा, साहेब अगदी रंगात आले होते!

दुसऱ्या दिवशी मी आणि शिपाई दाराला कान लावून. आत साहेबांचा आवाज. मान खाली घालून कागद वाचत असावेत. "आपको देखकर तो हर आदमी मीठा ही बोलेगा. फिर लोगों के मन की बात आप निकालती कैसे हैं?"

"जैसे कल शाम जीप में निकाली थी, सर."

आत कागद खाली पडल्याचा आवाज. मग कुणीतरी खो खो हसलं. ते त्रिपाठी सर!

फूलवतीची निवड झाली.

संध्याकाळी साहेबांना स्टेशनवर सोडायला निघालो. दार उघडून धरलं, तरी साहेब चढेनात. वाकून मागची सीट नीट न्याहाळली, आणि हळूच म्हणाले,

"ड्राइवरजी, आज कोई और तो नहीं बैठेगा?"