तेल विकणाऱ्या देशाचे परराष्ट्रमंत्री

काश्मिरात पर्यटकांवर गोळीबार झाला, त्या आठवड्यात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीचे उन्हाळी वर्ग चालू होते. नागपूरचं ऊन तापायच्या आत तास उरकायचे, म्हणून सकाळी लवकर. मी राज्यशास्त्र शिकवते. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर नुसता गलका. एका मुलीचे मामा-मामी त्या दिवशी तिकडेच फिरायला गेले होते. ते सुखरूप होते, पण त्यांचा फोन लागेपर्यंत तिच्या घरी कोणी जेवलं नव्हतं.

"मॅडम, आता घुसून मारलंच पाहिजे," मागच्या बाकावरून आवाज आला आणि सगळ्यांनी बाक वाजवले.

मीही चिडलेलीच होते. मुलांना शांत करायचा माझा अजिबात विचार नव्हता. मी एवढंच म्हटलं, "ठीक आहे, मारायचं. पण सरकार तुम्ही चालवायचं. पहिली रांग मंत्रिमंडळ. बाकीच्या रांगा बाकीचं जग."

अशी सुरुवात झाली. परराष्ट्रमंत्री मी निवडली ती खिडकीजवळ बसणारी एक मुलगी. प्रताप नगरला राहायची. वडिलांची नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग, आणि ते एका पक्षाचे कार्यकर्ते. चौकातल्या प्रत्येक मोर्चात पुढे. मुलगी वाद घालायला लागली की प्रमाण मराठी विसरायची, आणि म्हणूनच मला आवडायची.

मंत्रिमंडळाने पहिल्या दिवशी भराभर निर्णय घेतले. व्हिसा रद्द, व्यापार बंद, सीमेवरचं फाटक बंद, त्यांचे अधिकारी परत पाठवा, पाण्याचा करार थांबवा. संध्याकाळी टीव्हीवर खऱ्या सरकारने जवळजवळ तेच जाहीर केलं. मग मी परराष्ट्रमंत्र्यांना म्हटलं, "आता जगाला सांगा, तुम्ही हे का केलंत."

ती उठून एकेका रांगेकडे गेली. महासत्ता झालेल्या मुलाने घसा खाकरून सांगितलं, "दोन्ही देशांनी संयम बाळगावा." वर्गाने त्याची हुर्यो उडवली. ती तणतणत माझ्याकडे आली.

"मॅडम, माणसं आमची मेली अन् हे आमालेच संयम शिकवून राहिले!"

"ऐकून घ्यावं लागतं. मग पुन्हा बोलावं लागतं."

त्या दिवशी जेवताना तिने घरी हे सगळं सांगितलं असणार. कारण पुढच्या तासाआधीच मला प्राचार्यांनी बोलावलं. तिचे वडील समोर बसले होते, गळ्यात पक्षाचा दुपट्टा. सोबत आणलेली दोन माणसं दाराशी उभी. प्राचार्य सर भिडस्त माणूस. त्यांनी आधीच पाणी मागवून ठेवलं होतं.

"मॅडम, तुमी पोरायले काय शिकवून राहिल्या?" वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण चढायच्या बेतात होता. "पोरगी मले म्हणते, बाबा, लगेच हल्ला करता येत नाही, आधी बाकीच्या देशायले पटवा लागते. काहून पटवाचं? आपला देश कोणाच्या बापाचं देणं लागते का?"

"मॅडम, तात्पुरतं थांबवता येईल का हे?" प्राचार्यांनी हळूच विचारलं.

थांबवायचं माझ्या मनातही आलं नाही. वीस वर्षांहून अधिक काळ मी हा विषय शिकवतेय. एवढी लक्ष देऊन बसलेली मुलं मी क्वचितच पाहिली होती. मी वडिलांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही वर्गात चला. एक तास बसा. नंतरही वाईट वाटलं तर मी स्वतः बंद करते."

ते आले. दोघांना त्यांनी खाली गाडीपाशी थांबायला सांगितलं. त्या दिवशी एक मुलगा गैरहजर होता, आखातातला तेल विकणारा देश. मी ती रिकामी जागा दाखवली. "तुम्ही हा देश. भारत आणि शेजारी, तुमचं दोघांशीही बरं आहे. दोघांनाही तेल विकता."

"मी? बरं," म्हणत ते बाकात शिरले. गुडघे मावेनात, म्हणून तिरपे बसले. वर्गात खसखस पिकली. मुलगी लाजेने लाल झाली होती, पण कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आमच्या देशावर हल्ला झाला. तुमी निषेध करा, अन् शेजाऱ्याचं नाव घेऊन करा."

मला वाटलं, लगेच हो म्हणतील आणि खेळ संपेल. पण त्यांच्यातला बागवाला जागा झाला. दरवर्षी व्यापाऱ्यासमोर बसून घासाघीस केलेला माणूस तो.

"निषेध करतो. नाव काहून घेऊ?"

"कारण मारणारे तिकडून आले."

"तू म्हणतेस. मले पुरावा दाखव. माझं तेल त्यायच्याकडंबी जाते. उद्या मी नाव घेतलं अन् पुरावा कच्चा निघाला, तर माझं गिऱ्हाईक गेलं ना वं!"

तिने याची अपेक्षाच केली नव्हती. ती माझ्याकडे वळली. मी मान हलवली नाही.

"पुरावा देतो आमी," ती म्हणाली. "पण तुमी हे सांगा. आमची किती माणसं तुमच्या देशात राबून राहिली? तुमच्या इमारती त्यायनंच बांधल्या. त्यातला एखादा सुटीवर घरी आला, लेकराले घेऊन काश्मीर पाहाले गेला, अन् मेला. मग त्याच्या बायकोले तुमी काय सांगसान? का गिऱ्हाईक जाते म्हणून नाव नाही घेतलं?"

वडिलांनी दुपट्ट्याने कपाळ पुसलं. पंखा चालू होता.

"त्याच्या बायकोले..." ते म्हणाले, आणि मग हळू आवाजात, "तरी नाव नाही घेऊ शकत. माझीबी जनता आहे."

पुढचा सगळा तास बापलेकीने एका वाक्यावर घालवला. ती शब्द घालायची, ते खोडायचे. शेवटी कागदावर उरलं ते असं: हल्ला करणाऱ्यांचा आणि त्यांना आसरा देणाऱ्यांचाही आम्ही निषेध करतो. देशाचं नाव तिला मिळालं नाही. 'आसरा देणाऱ्यांचाही' हे तिने सोडलं नाही. त्यांनी सही केली, तेव्हा मागच्या बाकावरच्यांनीही टाळ्या वाजवल्या.

बाकातून बाहेर येताना ते अचानक थबकले. "मॅडम, मी नाव घ्याले नाही म्हटलं. मी!"

"तुम्ही तुमच्या देशाचं हित पाहिलं, भाऊ."

"पण मन माह्यं इकडंच होतं."

"ते तिला दिसत होतं. म्हणूनच ती हटली नाही."

लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते निघाले. प्राचार्य सर जिन्यात वाट पाहत उभे होते. त्यांना म्हणाले, "चालू राहू द्या. पण पोरायले पुरावा गोळा कराले शिकवा."

पुढे काही दिवसांत आपल्याकडून खरोखरच हल्ले झाले, सीमेवर तोफा धडाडल्या, मग ते थांबलंही. वेगवेगळ्या पक्षांचे खासदार गट करून देशोदेशी गेले, आपली बाजू मांडायला. एका दुपारी मला तिच्या वडिलांचा फोन आला.

"मॅडम, पाहून राहिल्या का बातम्या? आमच्या विरोधी पक्षाचा माणूस तिकडं आमच्यावाल्याच्या बाजूला बसून बोलून राहिला. अन् बरं बोलून राहिला."

"त्या खऱ्या तेलवाल्या देशाचं निवेदन वाचलंत?"

"दोनदा वाचलं. पोरगी म्हणते, 'बाबा, त्यायनं तुमच्यापेक्षाही कमी दिलं.'" ते मोकळेपणी हसले.

त्यांचा पक्ष बदलला नाही, मोर्चे कमी झाले नाहीत, आणि माझी तशी अपेक्षाही नव्हती. माझ्या वर्गातली मुलं तास संपल्यावर तेवढीच संतापलेली असायची, फक्त संतापाचं पुढे काय करायचं यावर त्यांचं एकमेकांशी भांडण सुरू झालं होतं. मुलगी आता बीएला आहे, राज्यशास्त्रच घेतलंय. यंदाच्या उन्हाळी वर्गात तिच्या वडिलांना मी पुन्हा बोलावलं. ते संत्र्यांची करंडी घेऊन आले आणि वर्गात शिरायच्या आधीच म्हणाले, "या खेपेले मले महासत्ता करा. पाहू द्या, मीबी संयम बाळगा म्हणतो का ते."