पुसलेली वेल

शिलाई मशीनवर चिकटवायची सोनेरी वेल पाण्याच्या ताटलीत भिजत होती. जुन्या नमुन्यावरून मीच ती कागदावर छापली होती. कागद सुटायच्या आत मशीनची जागा घासून घ्यावी लागते, नाहीतर वेल पाण्यातच गुंडाळते. मी पॉलिश पेपर उचलला आणि थांबलो. मशीनवरची मूळची वेल एकाच ठिकाणी, तळहाताएवढी, पार पुसली गेली होती.

"काय झालं, काका?" मशीन घेऊन आलेल्या वसुधाताई म्हणाल्या. "अगदी नवंकोरं दिसू दे हं. आईचं आहे."

"इथे हात ठेवा बरं."

त्यांनी ठेवला. आईचा हात जिथे टेकायचा, तिथे तो नेमका बसला.

रोजच्या कामात माणूस वस्तूवर अशी सही करून जातो, आणि मी ती खरवडून वर फुलं चिकटवत आलो. बायकोचं मशीनही मी असंच नवं करून दिलं होतं. "छान झालंय," ती म्हणाली, आणि पुन्हा कधी शिवायला बसली नाही. तिची नजर अधू झाली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तिची नजर चांगली होती.

ताटलीत वेलीची कड सुटू लागली.

"घासू नका, काका," हात न उचलता ताई म्हणाल्या.

वेल गुंडाळत गेली. मी ती गुंडाळू दिली.