झोळीनं झिजलेली दांडी

मित्रांनो, आज कुपवाडच्या शेडमध्ये एक लोखंडी दांडी कापता कापता वाचली.

साठच्या दशकात मिरजेला येणाऱ्या छोट्या (नॅरोगेज) रेल्वेगाडीचा एक डबा आम्ही दुरुस्त करतोय. आत बाकडी नाहीत, म्हणून तो मालडबाच समजलो होतो. छताखालची दांडी दोन जागी झिजलेली. साठीचे बाळू मिस्त्री ती कापणार, तेवढ्यात त्यांची आई जेवण घेऊन आली.

"थांब रं! आमी हितंच पोरांची झोळी बांधायचो. माह्यारी जाताना तू लय रडायचास!"

"आये, पोरं ऐकत्यात!"

म्हणजे डबा माणसांचा! किती आयांच्या झोळ्यांनी ती दांडी झिजली असेल! मिस्त्रींनी ती हातानंच पुसली.

आज्जी, लय उपकार झाले.

तुमच्या घरात कुणी झोपलंय का अशा झोळीत? विचारा आणि सांगा ना.