डेलरोज पिनॉकने फाटक सोडलं तो दिवस

शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या अल्याड माझी टपरी आहे. तळलेले डंपलिंग, खारा मासा, शुक्रवारी कसाव्याची जाड भाकरी, बॅमी. त्यामुळे फाटकावर जे जे घडतं ते मला दिसतंच, बघायचं नसलं तरी. डेलरोज पिनॉक त्या फाटकावर अकरा वर्षं राखणीला होती. त्या अकरा वर्षांत मी तिला खुर्चीवर बसलेली दोन-चारदाच पाहिली असेल. सिक्युरिटी कंपनीने खुर्ची दिली होती, छत्री दिली होती. पण ही बाई या खांबापासून त्या खांबापर्यंत फेऱ्या मारत राहायची. आमच्या सेंट एलिझाबेथ परगण्याची तांबडी माती तिच्या बुटांना कायम चिकटलेली.

मी म्हणायची, "अगं बस की जरा. फाटक काय पळून जाणारे?"

"फाटक नाही, पण पोरं पळतात ना आयसी," ती म्हणायची, आणि पुन्हा चालू.

त्याआधी ती राजधानीत, किंग्स्टनला, शर्टांच्या कारखान्यात होती. वीस वर्षं कॉलरी शिवल्या. कारखाना बंद पडला, तशी गावी आली आणि सिक्युरिटीचा गणवेश चढवला. पण हातातली सुई काही सुटली नाही. एखाद्या पोरीच्या स्कर्टची शिवण उसवलेली दिसली, की फाटकाआड बोलावून दोन मिनिटांत टाके घालायची. वर टोमणा ठरलेला. "काय गं उंटिणी, तुझे पाय वाढतायत की स्कर्ट आटतोय?" पोरी हसायच्या, मुकाट्याने उभ्या राहायच्या.

मग शाळेत नवे शिस्तप्रमुख आले, मिस्टर व्हाइटलॉक. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. स्वतः एका शर्टावर शाळा शिकलेला. तो शर्ट रोज रात्री धुवायचा आणि सकाळी ओलाच घालायचा, असं तो पोरांना सांगायचा. आदल्याच वर्षी शाळेत मारामारीत एका पोराच्या दप्तरातून चाकू निघाला होता आणि आईबापांची झोप उडाली होती. व्हाइटलॉकने आल्या आल्या नियमांचा कागद काढला. साडेसातला फाटक बंद. फाटकावर दप्तरांची झडती. पोरांच्या पँटी घट्ट नकोत. पोरींचे स्कर्ट गुडघ्याखाली चार इंच. नियमात न बसणाऱ्याला फाटकावरूनच घरी पाठवायचं. डेलरोजच्या हातात त्याने खूण केलेली एक लाकडी पट्टी दिली.

"आणि मिस पिनॉक, फाटक सांभाळणं हे तुमचं काम. शिंपीकाम नाही."

"सर, दोन टाक्यांचंच तर काम असतं."

"आज दोन टाके, उद्या दोन इंच, परवा चाकू. कुठेतरी थांबायला नको का?"

तिने पट्टी घेतली.

ओरेन नावाचा एक पोरगा होता, दहावीच्या वयाचा, उंच, लाजरा. त्याच्याकडे एकच पँट, तीही मोठ्या भावाची, खाली आवळून शिवलेली. एका आठवड्यात तीनदा डेलरोजने त्याला परत पाठवलं. व्हाइटलॉक शेजारी उभा असायचा, तिला दुसरं काही करता येत नव्हतं. चौथ्या दिवशी पोरगा आलाच नाही. पाचव्या दिवशीही नाही.

"आयसी, तो उंच पोरगा दिसला का गं?" ती रोज विचारायला लागली.

पंधरा दिवसांनी मला तो दिसला. टॅक्सी अड्ड्यावर गाड्या धूत होता. मी तिला सांगितलं आणि लगेच वाटलं, उगाच सांगितलं. हातातलं डंपलिंग तिने कागदात गुंडाळून ठेवून दिलं. तेव्हापासून तिच्या फेऱ्यांची तऱ्हाच बदलली. परत पाठवलेलं पोर वळणाआड दिसेनासं होईपर्यंत ती मान वळवून बघत राहायची. घरी पोचलं असेल का, टॅक्सीवाल्याने घेतलं असेल का, घरी कुणी असेल का, असे प्रश्न मला विचारायची. जसं काही मला ठाऊक असणार!

एकदा ती टॅक्सी अड्ड्यावर जाऊन त्याला भेटूनही आली. तो म्हणाला, "मिस, तुमचा काय दोष? मला शाळा आवडतच नव्हती."

"खरं बोलला असेल का गं तो?" तिने मला विचारलं.

मी कढईतलं डंपलिंग उलटलं.

तो मे महिन्यातला मंगळवार. बोर्डाचा इंग्रजीचा पेपर नऊ वाजता होता. पोरं सकाळी सातपासूनच येत होती, ओठांत पुटपुटत, वह्या छातीशी धरून. सव्वासातला शनोया ब्रिसेट आली. डोंगरावरच्या वस्तीतली पोरगी, दोन टॅक्सी बदलून यायची. वर्षभरात भलतीच उंच झालेली. व्हाइटलॉक फाटकाशीच उभा होता.

"मिस पिनॉक, मोजा."

डेलरोजने पट्टी लावली. चारांपैकी दोनच इंच भरले.

"घरी जाऊन बदलून ये," व्हाइटलॉक म्हणाला.

"सर, आज माझा पेपर आहे."

"पेपर आहे हे तुला काल माहीत नव्हतं? तीन वेळा चिठ्ठी दिलीय तुझ्या घरी."

"सर, दुसरा स्कर्टच नाही."

"तर मग तो विचार तुझ्या आईने आधी करायचा होता."

शनोयाने एकदा डेलरोजकडे पाहिलं. डेलरोजने पट्टीकडे. पोरगी वळली आणि रस्त्याने चालू लागली. रडली बिडली नाही. तेच मला जास्त लागलं.

व्हाइटलॉक आत गेला आणि डेलरोजचं चालणं सुरू झालं. खांब ते खांब, खांब ते खांब. घड्याळ बघ, वळणाकडे बघ. किल्ल्यांचा जुडगा एकदा या हातात, एकदा त्या हातात. साडेसात झाले, तिने फाटक लावलं. पावणेआठ. माझ्याकडे आली, पाणी मागितलं, न पिताच परत गेली. आठ वाजले. डोंगरावर जाऊन परत यायचं म्हणजे टॅक्सी लगेच मिळाली तरी दोन तास. हा हिशेब तिलाही येत होता, मलाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी ती रस्ता ओलांडून आली आणि किल्ल्या माझ्या पुढ्यात टाकल्या.

"आयसी, दहा मिनिटं फाटक बघ."

"मी? अगं, माझी कढई चढलीय!"

"कढई उतरव."

"डेलरोज, नोकरी जाईल तुझी."

"तर जाईल," असं म्हणून ती पळतच सुटली. बावन्न वर्षांची बाई, जड बूट, भर रस्त्यात पळतेय!

मी तेलकट हातांनी फाटकाशी जाऊन उभी राहिले. वरच्या वर्गातली पोरं आतून ओरडली, "आयसी मिस, आमचीही झडती घ्या!" गणिताचे मास्तर उशिरा आले, त्यांनाच मी फाटक उघडून दिलं. बिचारे माझ्याकडे बघत बघत आत गेले.

दहाची चाळीस मिनिटं झाली. मग वळणावर दोघी दिसल्या. डेलरोजने पोरीचा दंड धरला होता.

बस थांब्याच्या पत्र्याखाली शनोया बसून होती, हे मला नंतर कळलं. डेलरोजने तिथेच स्कर्टची दुमड उसवायला घेतली. आत पाहिलं तर दुमडच शिल्लक नाही. दोनदा कापड सोडलेलं होतं, जुन्या शिवणींच्या फिकट रेघा तेवढ्या उरल्या होत्या. तिच्या आईला जेवढं करता येत होतं तेवढं तिने केलं होतं. पोरगी उठायलाच तयार नव्हती. "मी नाही येणार. दारात उभं राहून भीक मागू का?" अशी भांडत होती. डेलरोज म्हणाली, "भीक नाही गं बये, तो पेपर तुझा आहे. ऊठ, चल, मग हवं तेवढं भांड माझ्याशी." अशी रेटारेटी करत दोघी आल्या.

तोवर कुणीतरी आत जाऊन सांगितलं असणार. व्हाइटलॉक बंद फाटकाच्या आतल्या बाजूला येऊन उभा होता. माझ्या हातातल्या किल्ल्या बघून त्याचा चेहराच बदलला.

"मिस पिनॉक, या मुलीला मी परत पाठवलं होतं."

"होय सर. मी परत आणली."

"कुणाच्या अधिकारात?"

डेलरोजला धाप लागली होती. अधिकार कसला, तिला बिचारीला खुर्चीवर बसायचंही सुचत नसे. थोडा श्वास घेऊन ती म्हणाली, "सर, तिची चूक वहीत लिहा. पेपर झाला की काय ती शिक्षा करा. मी स्वतः तिला तुमच्या खोलीत आणून उभी करते. पण आत्ता तिला आत बसू द्या."

"मग उद्या प्रत्येक जण हेच सांगेल."

"सांगू द्या. आपण प्रत्येकाचं लिहून ठेवू."

"नाही. नियम सगळ्यांना एकच."

डेलरोजने माझ्या हातातून किल्ली घेतली, फाटक उघडलं आणि व्हाइटलॉक आणि पोरगी यांच्या मधे स्वतः उभी राहिली. "जा गं," ती मागे न बघता म्हणाली. शनोया वाऱ्यासारखी आत गेली. नऊला आठ मिनिटं कमी होती. व्हाइटलॉकने आरडाओरडा केला नाही. खिशातून पेन काढलं आणि तिथेच उभ्या उभ्या लिहायला लागला.

आठवड्याभरात कंपनीची चिठ्ठी आली. कामाची जागा सोडली, किल्ल्या परक्या माणसाच्या हातात दिल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आणि तो परका माणूस म्हणजे मी! त्या दिवशी माझं लक्ष कशात म्हणून लागेना. डंपलिंगं करपवली.

जूनमध्ये शाळेच्या सभागृहात पालकांची बैठक झाली. मुख्याध्यापिका मिसेस हॉटन मधे बसल्या होत्या. शनोयाची आई भाजीच्या मळ्यातून तशीच आलेली, हाताला पातीच्या कांद्याचा वास. ती म्हणाली, "चिठ्ठ्या मला मिळाल्या. पोरीला शिक्षा करा, मी करू नका म्हणत नाही. पण मी तिला शाळेत पाठवते तेव्हा ती शाळेत आहे असं समजते. तुम्ही तिला रस्त्यावर सोडता आणि मला कळतसुद्धा नाही?"

मागून एक बाप उठला. "ते सगळं ठीक आहे. पण माझ्या पोरावर चाकू रोखला होता. शिस्त नको तर मग काय हवंय?"

त्यालाही टाळ्या मिळाल्या. व्हाइटलॉक म्हणाला, "मी नियम माझ्यासाठी केलेला नाही." आणि तेही खरं होतं.

डेलरोजला बोलायला सांगितलं. ती उठली, टोपी दोन्ही हातांनी पिळत राहिली. "फाटक सोडलं ते चुकलंच माझं," ती म्हणाली. "त्या वेळात कुणीही आत शिरलं असतं. पण ओरेनच्या वेळी मी फाटक सोडलं नाही, ते मला जास्त चुकल्यासारखं वाटतं. मला रोज वाटतं." एवढं बोलून ती खाली बसली आणि लगेच पुन्हा उभी राहिली, जणू खुर्ची तापलेली होती.

मिसेस हॉटननी निर्णय दिला तो असा: कपड्यांवरून किंवा उशिरावरून कुठल्याही मुलाला फाटकावरून परत पाठवायचं नाही. नाव वहीत लिहायचं, त्याचं म्हणणंही लिहायचं, घरी फोन करायचा आणि शाळा सुटल्यावर शिक्षा. दप्तरांची झडती मात्र चालू राहील. व्हाइटलॉकने मान हलवली. नव्या वहीच्या रेघा त्यानेच आखल्या, आणि मनापासून आखल्या.

डेलरोजचं त्यात काही वाचलं नाही. कंपनीने तिला हार्डवेअरच्या गोदामावर टाकलं. मी एकदा भेटायला गेले, तर सिमेंटच्या पोत्यांमधून फेऱ्या मारत होती.

"काय गं, इथे कुणाला अडवतेस?"

"उंदरांना," ती म्हणाली. "पण ऐकतायत कुठे!"

ऑगस्टमध्ये निकाल लागला. शनोया इंग्रजीत पास झाली, गणितात नापास. माझ्या टपरीवर येऊन म्हणाली, "आयसी मिस, मिस पिनॉकना सांगाल?"

"तोंड आहे ना तुला? तूच जाऊन सांग."

ती गेली. पाठ थोपटून घ्यायला गेलेल्या पोरीला गणितावरून अर्धा तास बोलणी खावी लागली, असं तिनेच मला येऊन सांगितलं, हसत हसत. जानेवारीत ती गणिताला पुन्हा बसली आणि पास होऊन सुटली.

गेल्या वर्षी कंपनीने डेलरोजला ब्लॅक रिव्हर गावाजवळच्या एका प्राथमिक शाळेवर घेतलं. पहाटे पाचच्या टॅक्सीने जाते. गुडघ्याएवढी पोरं, कुणाचा बूट हरवलेला, कुणाचा डबा. परवा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "एक पोरगी दोन दिवस आली नाहीये आयसी. बाईंना विचारलं, तर म्हणतात, ताप असेल. असेल ना?" माझं उत्तर ऐकायला ती थांबलीच नाही. टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. ती दार ओढून आत बसली आणि गाडी हलण्याआधीच ड्रायव्हरला म्हणाली, "चल की रे लवकर."