पाऊल आत वळतंय म्हणे

चाकणच्या एका कंपनीत मी बाहेरून येणारे सुटे भाग तपासते. पुरवठादारानं 'ओके' म्हणून पाठवलेला माल पुन्हा मोजायचा, हेच माझं काम. त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, पण माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

चाळिशी ओलांडल्यावर मी पळायला लागले. शेजारच्या फ्लॅटमधली, हिंजवडीला नोकरी करणारी मैत्रीण मला रोज सकाळी ओढून न्यायची. काही महिने छान गेले, मग उजव्या गुडघ्याची आतली बाजू दुखायला लागली.

"ताई, तुझे बूट चुकीचेत," ती म्हणाली. पिंपळे गुरवला एका दुकानात पाऊल तपासून बूट देतात म्हणे. तिनं त्या दुकानाची इतकी तारीफ केली, की मला वाटलं, हिला तिथून काही मिळतं की काय!

रविवारी दोघी गेलो. तिथल्या विक्रेत्यानं मला अनवाणी ट्रेडमिलवर पळवलं. मागे कॅमेरा होता. पडद्यावर माझ्या घोट्यावर लाल रेघ उमटली, चांगलीच तिरकी.

"ओव्हरप्रोनेशन आहे, मॅडम. पाऊल टेकलं की घोटा आत कलतो. तुम्हाला फुल सपोर्ट लागणार."

त्यानं पुढे ठेवलेली जोडी आमच्या कंपनीतल्या सेफ्टी शूजइतकी जड होती. आतल्या बाजूला दगडासारखा कडक आधार. घालून पाहिली तर पाऊल कोणीतरी बाहेर ढकलतंय असं वाटलं.

"परत मोजा," मी म्हणाले.

"मशीन चुकत नाही, मॅडम."

"मग परत मोजायला काय हरकत आहे?"

मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. पहिल्यांदा मी बाजूचा दांडा घट्ट धरून, बिचकत पळाले होते. आता हात सोडून नेहमीसारखी पळाले. लाल रेघ बरीच सरळ झाली.

"थोडंसंच आहे," तो पुटपुटला.

"मघाशी तर खूप होतं. आता तुम्ही पळा बघू."

तो हसला, पण मी हलेना म्हटल्यावर बूट काढून पट्ट्यावर चढला. त्याचाही घोटा माझ्याइतकाच कलत होता. काढून ठेवलेले त्याचे बूट मात्र साधे, हलके होते.

"मग मलाच ते जड का?"

त्यानं आवाज खाली आणला. "महागाची जोडी आधी दाखवायला सांगितलंय, मॅडम. थोडं आत वळणं बऱ्याच जणांचं असतं."

मला राग आला आणि हायसंही वाटलं. तो आत जाऊन एक हलकी जोडी घेऊन आला. ती आत का ठेवली होती, हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. रंग जुना झाला म्हणून, तो म्हणाला. मी बूट वाकवून पाहिला. बोटं दुमडतात तिथेच तो वाकत होता. अंगठ्यानं तळ दाबला, तर आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा किंचित घट्ट लागली, म्हणजे थोडा आधार होता. घालून गल्लीत मेडिकलपर्यंत पळून आले. टाच घसरली नाही, बोटांनाही जागा होती. पण माझा गुडघा दुखायचा तो बराच वेळ पळाल्यावर. गल्लीत काय कळणार?

"घरात पळून बघा. तळ आणखी मळला नाही तर बदलून देईन," तो म्हणाला.

म्हणून संध्याकाळी मी आमच्या इमारतीच्या लॉबीत येरझाऱ्या घालत पळत राहिले. शेवटी वॉचमननं विचारलं, "ताई, काही हरवलंय का?"

बूट ठेवून घेतले. पुढचे कित्येक दिवस पळताना माझं सगळं लक्ष गुडघ्यात. दुखत नव्हतं, पण मी वेगही कमी केला होता. मग गुण बुटांचा की वेगाचा?

"दुखतंय का?" मैत्रीण विचारायची.

"अजून तरी नाही."

"म्हणजे दुखायची वाटच बघतेयस!" ती एकदा चिडून म्हणाली. मला ते लागलं, कारण खरं होतं.

नंतर एका सकाळी ती तिच्या आईच्या आजारपणाबद्दल बोलत होती. घरी कोणाला न सांगितलेलं सगळं ती पळता पळता सांगत गेली. मी ऐकत राहिले. नेहमीचं वळण मागे पडून आम्ही पार पुढच्या पुलापर्यंत गेलो होतो, आणि गुडघ्याची मला आठवणही झाली नव्हती.

घरी येऊन मी गुडघा दाबून पाहिला. दुखला नाही. मग दुसऱ्या बाजूनंही दाबून पाहिला.