मंदाबाईचा लाडू

आमच्या शेजारच्या मंदाबाईचा जगात कोणावरच विश्वास नाही. आहे तो फक्त तिने स्वतः वळलेल्या लाडवावर. लेक डिंपलला बघायला पाहुणे आले की चहा-पोह्यांच्या आधी ती मुलापुढे एक भलामोठा लाडू ठेवते आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बसते. ज्याने लाडू उचलून सरळ चावा घेतला, तो पास. ज्याने मोडून चिमटीने खाल्ला, तो खर्रा खाणारा. जबडा उघडत नाही म्हणून मोडतो. अशी बरीच मुलं तिने वाटेला लावली.

या संशयाला हसायची माझी हिंमत नाही. तिचा नवरा कवडू खर्रा खाऊनच गेला. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून घोटून त्याने तोंडाचं कुलूप करून घेतलं. शेवटी चमचाही आत जात नव्हता. सरकारने गुटखा बंद केला, ई-सिगारेट देशभर बंद केली, तंबाखूच्या पुडीवर सडलेलं तोंड छापायला लावलं, असं मी एकदा तिला समजावायला गेलो. माझंच चुकलं.

"खर्रा तं प्लास्टिकच्या पन्नीत भेटते, भाऊजी," ती फणकारली. "पन्नीवर कोनाचं तोंड छापतील?"

आता तिच्या घरच्या भाजीलाही चव राहिली नाही. डिंपलला तिखट सोसत नाही, ॲसिडिटी असेल म्हणून मंदाबाई वर्षभर मिरची कमी करत आली आहे.

परवा अंकुश आला. जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी, राहायला क्वार्टर. सोबत आई, ललिताबाई. मध्यस्थ मीच होतो. पठ्ठ्याने लाडू दोन घासांत संपवला! पण मंदाबाईची नजर त्याच्या खिशावर.

"ते काय हाये?"

त्याने औषधाची पट्टी काढून दाखवली. "निकोटीनचं च्युइंगम, मावशी. मी खर्रा खात होतो. सोडला. डॉक्टरनं हे देल्लं."

"म्हंजे यातबी निकोटीनच! मंग ते ई-सिगारेट बंद अन् हे चालू, हा कायचा कायदा?" तिने पट्टी उलटीसुलटी केली, हुंगली. पण लाडू तर संपला होता. अखेर ती हसली. मला हायसं वाटलं.

"चला, पोरीचं तोंड गोड करू," ललिताबाई म्हणाल्या. ताटातला लाडू उचलून त्यांनी डिंपलच्या ओठांशी धरला. लाडू दातांवरच अडला. चुरा ओढणीवर सांडला.

"मोडून द्या ना," डिंपल हळूच म्हणाली.

ललिताबाईंनी हात मागे घेतला. इतकी वर्षं मंदाबाईच्या डोळ्यांत पाहिलेला संशय मला आता त्यांच्या डोळ्यांत दिसला.

मंदाबाई उठली. तिने लेकीची हनुवटी धरून तोंडात बोटं घालून पाहिली. दोनही धड जाईनात.

"शिवणक्लासात साऱ्याच पोरी खातेत, माय," डिंपल रडू लागली.

मंदाबाई नुसती खाली बसली.

"तुह्या बापालेबी पयले तिखटच लागत होतं," ती म्हणाली.