सतराव्या फेरीचा रिकामा चौकोन

कॉर्बिन फॉल्समध्ये कुणालाही फोन करायचा झाला तर आधी व्हर्ना टटलशी बोलावं लागे. बँकेच्या माडीवर गावाचं टेलिफोन एक्स्चेंज होतं आणि त्यातल्या एकुलत्या एका खुर्चीत ती चोवीस वर्षं बसत आली होती. "नंबर, प्लीज?" असा तिचा आवाज यायचा, आणि तुम्ही नुसतं "अगं, ते आपले गुरांचे डॉक्टर..." एवढं म्हणालात तरी लाईन जोडलेली असायची. गावातले सगळे नंबर तिला तोंडपाठ होते, आणि आवाज तर त्याहून पक्के. इतक्या वर्षांत तिने एकदाही चुकीची लाईन जोडली नव्हती. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा? ज्याला खुपत असेल त्याने सहा महिने त्या खुर्चीत बसून दाखवावं.

एकावन्न सालच्या सप्टेंबरात स्पोर्ट्स गाड्यांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाची शर्यत गावाच्या रस्त्यांवर आली. शहरातल्या क्लबचे लोक आले, चर्चच्या बायकांनी कोंबड्या भाजायला घेतल्या, वळणावळणावर गवताचे गठ्ठे रचले गेले. शर्यतीत पैसा नव्हता, चांदीचा पेला तेवढा मिळायचा. सगळे हौशी आणि सगळे सभ्य, असं क्लबचं म्हणणं. त्यामुळे फेऱ्या मोजायचं काम चालकांच्या बायकांकडेच असे. जिचा नवरा, तिच्याकडे त्याची गाडी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

एमेट टटलला बायको नव्हती. आत्या होती. अडतीस नंबरची गाडी व्हर्नाकडे आली.

एमेट हा तिच्या मेलेल्या भावाचा मुलगा, दुधाच्या डेअरीत यंत्रं दुरुस्त करायचा. कुणीतरी झाडावर आपटून टाकून दिलेली छोटी इंग्लिश गाडी त्याने दोन हिवाळे खपून उभी केली होती आणि तिला निळा रंग दिला होता. त्या वर्षी निळ्या रंगाची साथच आली होती म्हणा ना. छोट्या गाड्यांच्या त्याच्या गटात त्याची धरून तीन गाड्या निळ्या होत्या.

काम सोपं होतं. लाकडी मनोऱ्यावर बसायचं, मांडीवर पाटी. पाटीवरच्या कागदावर पंचवीस फेऱ्यांचे पंचवीस चौकोन. अडतीस नंबर समोरून गेला की घड्याळात बघून वेळ लिहायची. सोळा फेऱ्या व्हर्नाने मोत्यासारख्या अक्षरात लिहिल्या. मग तिच्या कोपराशी ठेवलेला फोन वाजला.

तो फोन वळणांवरच्या पंचांसाठी होता, आणि तो उचलायला वेगळा माणूस नेमला होता. तो माणूस नेमका लिंबाचं सरबत आणायला गेला होता. चोवीस वर्षांच्या सवयीने व्हर्नाचा हात गेला.

"नंबर, प्लीज?" ती म्हणाली.

पलीकडे डेअरीचा मुकादम ऑरिन होता. तो त्या दिवशी डेअरीजवळच्या वळणावर पंच होता. "कोण, व्हर्ना? अगं, इथे एक निळी गाडी गवतात घुसलीय. माणूस धडधाकट आहे. डॉक्टर नको."

"नंबर किती गाडीचा?"

"दिसत नाही बुवा. गवतच गवत झालंय," ऑरिन म्हणाला, आणि त्याने फोन ठेवून दिला.

व्हर्नाने मान वर केली तेव्हा समोर गाड्यांचा घोळका सरकून गेला होता. बऱ्याच वेळाने अडतीस नंबर दिसला, तिने वेळ लिहिली, पण सतरावा चौकोन सोडून अठराव्यात. सोळावी वेळ आणि ही वेळ यांच्यात सव्वासहा मिनिटं होती. एका फेरीला तीन लागत. मग मधली फेरी तिने चुकवली, की एमेट गवतात होता? तिला काही कळेना. तिने खोडरबर हातात घेतलं, परत खाली ठेवलं आणि पुढच्या फेऱ्या लिहीत राहिली.

शेवटी एमेटने रॉचेस्टरच्या दंतवैद्य लॅथ्रप यांना दोन गाड्यांच्या अंतराने मागे टाकून रेषा ओलांडली. ती सतरावी फेरी धरली तर गटाचा पेला एमेटचा. नाही धरली तर तो एक फेरीने मागे, आणि पेला डॉक्टरांचा.

मुख्य पंच हॅव्हिलंड यांनी सगळ्यांना तंबूत बोलावलं. सगळ्या गाड्यांची एकत्र नोंद ठेवणाऱ्या बाईंनी त्या घोळक्यात नंबर न टाकता नुसतं 'निळी' लिहिलं होतं. "मी एका निळ्या गाडीला गवतात बघून पुढे गेलो," डॉक्टर म्हणाले. "कुणाची ते शपथेवर सांगणार नाही." ऑरिनला विचारलं तर तो टोपीकडे बघत म्हणाला, "धूळ किती होती साहेब!" त्याच्या शेजारी उभे असलेले दोघेही धुळीबद्दलच बोलले. त्या दिवशी अख्ख्या गावाची नजर अधू झाली होती.

"आणि चालक काय म्हणतात?" हॅव्हिलंडनी विचारलं.

एमेटने आत्याकडे पाहिलं. "फेऱ्या आत्या मोजत होती," तो म्हणाला. "ती सांगेल ते खरं."

"बाई, हा चौकोन रिकामा का?"

व्हर्नाच्या डोक्यात भोवरा फिरत होता. ऑरिनचा आवाज फोनवर अडखळला होता का? की तिला आता तसं वाटत होतं? "मी लिहायला विसरले," एवढं म्हटलं की गावभर जल्लोष. "तो आला नाही," म्हटलं की पोराचे दोन हिवाळे पाण्यात. दोन्ही खरं असू शकत होतं, आणि त्यातलं कुठलं खरं ते तिला माहीत नव्हतं.

"मी फोन घेतला," ती म्हणाली. "फोन घ्यायचं माझं काम नव्हतं. तो समोरून गेला की नाही, मला माहीत नाही."

जन्मात पहिल्यांदा ती असं म्हणाली, आणि तिला इतकी लाज वाटली की तंबूबाहेर येऊन ती कुणाशी बोलली नाही. चूक मोजणाऱ्याची, तिची शिक्षा चालकाला नको, असा निकाल हॅव्हिलंडनी दिला. पेला एमेटला मिळाला. ऑरिनने त्यात बिअर ओतली. व्हर्ना घरी जाऊन दिवसाढवळ्या अंथरुणात शिरली.

रविवारी चर्चमध्ये दोन बायका तिला म्हणाल्या, "बरं झालं बाई, सांभाळून घेतलंस!" काय सांभाळलं होतं तिने? ती घरी येऊन घड्याळ हातात धरून बसली, आणि फोन उचलायला, बोलायला, ठेवायला किती वेळ लागतो ते पुन्हापुन्हा मोजत राहिली. कधी वीस सेकंद येत, कधी चाळीस. तेवढ्यात एक गाडी डोळ्यांसमोरून निसटू शकते. मग चूक तिचीच. पण मग ऑरिनच्या वळणावर कोण होतं? उरलेल्या दोन निळ्या गाड्यांत एक लॅथ्रपांची होती आणि दुसरी सहाव्याच फेरीत बंद पडली होती. हे गणित तिने चारदा तिथवर आणलं आणि पुढे न्यायला ती घाबरली.

सोमवारी दुपारी एक्स्चेंजच्या बोर्डावर डेअरीच्या लाईनचा दिवा लागला.

"नंबर, प्लीज?"

"आत्या, मी."

"कळलं. बोल."

"रॉचेस्टरला लाव. डॉक्टर लॅथ्रपांचा दवाखाना."

व्हर्नाचा हात तारेवर तसाच राहिला. याला त्यांच्याशी काय बोलायचंय? तोरा मिरवायला फोन करणारं पोर नव्हतं ते. विचारायची सोय नव्हती. ऑपरेटरने विचारायचं नसतं. तिने रॉचेस्टर घेतलं, दवाखाना घेतला, डॉक्टरांचा आवाज आला, आणि नियमाप्रमाणे ती आपला कान बाजूला काढणार तोच एमेट म्हणाला, "आत्या, तू जाऊ नकोस. तूही ऐक."

ती थांबली.

"डॉक्टर, एमेट टटल बोलतोय. सतराव्या फेरीला गवतात मी होतो. ऑरिननेच ढकलून बाहेर काढलं मला. पेला आज पोस्टाने पाठवतोय." त्याला मोठ्याने श्वास घ्यावा लागला. "आणि मनोऱ्यावरच्या बाईंचा कागद बरोबर होता. रिकामा चौकोन रिकामाच हवा होता. त्या चुकल्या नव्हत्या. मी त्यांना तिथे एकटं उभं केलं."

व्हर्नाला रडू कोसळलं. तिला त्याचा राग आला होता, कानाखाली वाजवावी इतका, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. तिने तोंडावर हात दाबून धरला.

 डॉक्टरांनी विचारलं, "त्या बाई आत्ता लाईनवर आहेत का?"

दोघांच्या बोलण्यात ऑपरेटरने बोलायचं नसतं. चोवीस वर्षांत ती बोलली नव्हती.

"आहे," व्हर्ना म्हणाली.